नाशिकमध्ये कुत्र्यासह भाड्याचे घर: आधी 'हो' कोण म्हणणार ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: जळगावहून अंबड एमआयडीसीत नोकरीसाठी यायचे आहे. नवरा-बायको दोघे, सोबत तीन वर्षांची देशी कुत्री. भाडे बारा हजारांच्या आत हवे. फोनवर कुत्रीचे नाव काढले की समोरचा "मग जमणार नाही" म्हणून फोन ठेवतो. या पैशांत नाशिकमध्ये घर मिळेल का, आणि कसे?

मिळेल, पण शोधायची रीत बदलावी लागेल. मोबाइल अ‍ॅपवर 'पेट फ्रेंडली'ची खूण लावून शोधाल तर मोठ्या संकुलांतले चार-दोन महाग फ्लॅट तेवढे दिसतील. आपल्याकडचे बहुतेक घरमालक तो रकाना भरतच नाहीत. कुत्र्याला त्यांचा विरोध असतोच असे नाही, त्यांनी त्याचा विचारच केलेला नसतो. आणि अचानक विचारले की माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक घराबाबत पहिला प्रश्न हा ठेवा: इथे निर्णय कोणाच्या हातात आहे?

मालक पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असेल आणि फ्लॅट एखादा नातेवाईक वा एजंट सांभाळत असेल, तर तो मधला माणूस हमखास नकार देतो. होकार देऊन त्याला काही मिळत नाही, पण उद्या तक्रार आली तर बोलणी त्यालाच खावी लागतात. अशा वेळी वाद न घालता "मालकांना एकदा माझा मेसेज पाठवाल का?" एवढेच म्हणा. मेसेज कसा असावा ते पुढे येईल. दुसरा प्रकार सोसायटीतल्या फ्लॅटचा. तिथे मालक तयार असतो, पण अध्यक्ष-सेक्रेटरींना घाबरतो. तिसरा प्रकार म्हणजे बंगल्याचा वरचा किंवा तळमजला, रो-हाऊस, सिडकोच्या योजनेतले बांधून वाढवलेले घर. इथे निर्णय एकाच कुटुंबाचा असतो, बहुतेकदा घरातल्या काकूंचा, आणि त्या समोर बसून बोलल्या की तासाभरात हो किंवा नाही कळते. तुमच्या बजेटमध्ये पहिला जोर या तिसऱ्या प्रकारावर लावा. ही घरे अ‍ॅपवर फारशी येत नाहीत. फाटकावर 'खोल्या भाड्याने देणे आहे' अशी पाटी असते, नाहीतर कोपऱ्यावरचा किराणावाला आणि इस्त्रीवाला यांना माहीत असते. एक शनिवार-रविवार काढून गल्ल्या पायी फिरा. दोन दिवसांत पंधरा-वीस पाट्या टिपून होतात.

अंबडला नोकरी म्हणजे पाथर्डी फाटा, वासननगर, प्रशांतनगर, राणेनगर, उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक आणि कामटवाडे हा पट्टा आधी पाहा. सिडकोच्या जुन्या योजनांतली घरे अरुंद, भिंतीला भिंत लागलेली असतात. कुत्री भुंकली की शेजारच्या स्वयंपाकघरात आवाज जातो. जमल्यास कोपऱ्यावरचे, एक बाजू मोकळी असलेले घर घ्या. पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाऊसला पुढे-मागे थोडी जागा मिळते. सातपूरच्या बाजूला अशोकनगर, शिवाजीनगर, ध्रुवनगरही चालेल. कॉलेज रोड, गंगापूर रोड, गोविंदनगर, इंदिरानगरची मोक्याची जागा या बजेटसाठी सोडून द्या. तिथे बारा हजारांत मिळालेच तर जुने, लिफ्ट नसलेले, वरच्या मजल्यावरचे मिळेल. आडगाव, कोणार्कनगर किंवा म्हसरूळकडे भाडे कमी दिसेल, पण तिथून अंबड म्हणजे शहराचे दुसरे टोक. रोजचा तास-सव्वा तास जाण्यायेण्यात गेला तर कुत्रीला एकटे राहण्याचा तेवढा वेळ वाढतो, आणि तक्रारी तिथूनच सुरू होतात.

वेळही महत्त्वाची. मे अखेर ते जुलै शाळा-कॉलेजांचा हंगाम, मालकाकडे रांग असते, मग तो कुत्रेवाल्याला का घेईल? घासाघीस करायला उत्तम काळ पितृपक्षाचा. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी सामान हलवत नाही, रिकामे घर पडून राहते, आणि मालकाला भाडे बुडताना दिसत असते. तेव्हा बोलणी करून, टोकन देऊन दसऱ्याला राहायला येतो म्हटले की अटी बऱ्याच सैल होतात. आणखी एक: नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. पंचवटी, तपोवन, द्वारका परिसरात घर घेत असाल आणि कराराची मुदत त्या काळात संपत असेल, तर नूतनीकरणाची अट आधीच लिहून घ्या.

आता फोन. कुत्री लपवू नका, पण पहिल्या वाक्यातही सांगू नका. क्रम असा ठेवा: कोण, कुठे नोकरी, किती जण, कधीपासून, किती काळ, आणि मग कुत्री. उदाहरणार्थ: "नमस्कार काका, पाटी बघून फोन केला. आम्ही दोघेच, मी अंबडला कंपनीत कायम नोकरीला आहे, दोन-तीन वर्षे तरी इथेच राहणार. आमच्याकडे एक पाळलेली कुत्री आहे, तीन वर्षांची, ऑपरेशन झालेली, सगळी इंजेक्शने वेळेवर दिलेली. तिला घेऊन दहा मिनिटे येऊ का? बघा, बोला, मग ठरवा. नाही म्हणालात तरी हरकत नाही." शेवटचे वाक्य फार कामाचे आहे. माणसाला दबाव वाटला नाही की तो दार उघडतो.

भेटीला जाण्याआधी कुत्रीला पाऊण तास चालवून, दमवून न्या. उपाशी नेऊ नका, नुकतीच जेवलेलीही नको. पट्टा दीड मीटरचा, आखूड. फाटकात शिरताच बसायला सांगा आणि मालकांनी स्वतःहून हात पुढे केला तरच जवळ जाऊ द्या. घरात आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर आधी त्यांना विचारा. मालकाच्या घरातले सगळ्यात घाबरणारे माणूस कोण ते ओळखा, कारण त्याच्या शब्दावर गोष्ट अडते.

सोबत एक पानी माहिती छापून न्या, तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवता येते. वर कुत्रीचा स्वच्छ फोटो, खाली नाव, वय, वजन, नसबंदीची तारीख, लसीकरणाच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानाचा फोटो, दिवसभरात ती किती वेळ एकटी असते आणि आधीच्या घरमालकाचे दोन ओळींचे पत्र. हे पत्र सगळ्यात वजनदार ठरते. जळगाव सोडण्याआधी ते घेऊन ठेवा, नंतर मागायला गेलात की राहून जाते. लसींत रेबीजची वार्षिक लस आणि डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस चालू मुदतीत हवी. नाशिक महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात. पत्ता पक्का झाला की पहिल्या महिन्यात तो काढून टाका. परवाना हातात असला की सोसायटीतली निम्मी कुरबुर तिथेच थांबते.

एक नाजूक विषय राहतो. नाशिकमध्ये बरेच मालक "नॉनव्हेज चालणार नाही" अशी अट घालतात, आणि कुत्र्याला चिकन शिजवून घालणाऱ्यांची इथे पंचाईत होते. अट मान्य करून गुपचूप शिजवू नका, कुकरच्या वाफेबरोबर वास जिन्यात पोचतोच. कोरडे तयार खाद्य, त्यावर दही-भात, भाजी असे चालत असेल तर तसे स्पष्ट सांगा. अंडी चालतील का हे वेगळे विचारा, बऱ्याच घरांत अंड्याला हरकत नसते. आहार बदलायचा असेल तर तो आठ-दहा दिवसांत थोडा-थोडा बदला. घर बदलणे आणि खाणे बदलणे एकाच दिवशी केले तर जुलाब ठरलेले, आणि तेही मालकाच्या नव्या फरश्यांवर.

सोसायटीचा प्रश्न आला तर कायद्याची बाजू नीट समजून घ्या, कारण याबाबत दोन्हीकडून चुकीचे बोलले जाते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवाशांच्या संघटना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाहीत. सर्वसाधारण सभेत बहुमत झाले तरीही नाही. लिफ्ट वापरू न देणे, कुत्र्यामागे जादा शुल्क लावणे, मुसके सक्तीचे करणे हेही त्यात बसत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशा सरसकट बंदीच्या अटी बेकायदा ठरवल्या. तो निकाल महाराष्ट्रातल्या सोसायटीला थेट बांधील नाही, पण बोलताना आधार म्हणून चालतो. मात्र हे सगळे सोसायटीपुरते. तुमचा मालक स्वतःचे घर कुत्रेवाल्याला द्यायला बांधील नाही, त्याच्यापुढे ही पत्रके ठेवून उपयोग नाही. आणि 'सरसकट बंदी नाही' याचा अर्थ 'काहीही चालेल' असाही होत नाही. सामाईक जागेत पट्टा, जिन्यात वा पार्किंगमध्ये घाण झाली तर उचलणे, हे तुमच्याकडून अपेक्षितच आहे.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. राज्य सरकारचा तसा आदेश २००१ पासून आहे. "कुत्रा आहे म्हणून महिना पाचशे जास्त" असे कोणी म्हटले तर पावती मागा, लेखी मागा. बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते. पण भांडण उकरून राहायला जाऊ नका. फ्लॅट पसंत पडला की टोकन देण्याआधी वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी स्वतः जाऊन या. "आम्ही येतोय, आमच्याकडे कुत्री आहे, काही त्रास झाला तर आधी आम्हालाच सांगा," एवढे बोलून नंबर देऊन या. तक्रार सेक्रेटरींकडे जाण्याऐवजी तुमच्याकडे आली तर ती मिटते.

करार हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. नाशिकमध्ये अजूनही "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी करून टाकू" असे सर्रास म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कुत्रेवाल्या भाडेकरूने तर नोंदणीचा आग्रह धरलाच पाहिजे, कारण तोंडी दिलेली परवानगी पहिल्या तक्रारीत हवेत जाते.

खर्च फार नाही. भाडे १२,००० आणि परत मिळणारी अनामत ३६,००० धरली तर अकरा महिन्यांचे भाडे १,३२,००० होते. अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज अकरा महिन्यांचे ३,३०० होते. एकूण १,३५,३०० वर पाव टक्का म्हणजे साधारण ३४० रुपये मुद्रांक शुल्क येते. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. भरताना ऑनलाइन नोंदणीचे सरकारी पोर्टल जी अंतिम रक्कम दाखवेल ती भरायची. घरी येऊन अंगठा-फोटो घेणारा आपली मजुरी वेगळी घेतो, ती आधी ठरवा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणेही मालकाचे काम, पण कागद तुम्हीच तयार करून दिलेत तर ते होते.

करारात 'पाळीव प्राण्यास परवानगी' एवढी ओळ पुरत नाही. नुकसान कसे मोजायचे आणि तक्रार आली तर काय करायचे, हे दोन्ही त्यात हवे. अतिरिक्त अटींच्या जागी असा मजकूर टाका (त्यातला 'परवानगीधारक' म्हणजे भाडेकरू, तुम्ही):

"परवानगीधारक यांच्याकडे देशी जातीची, तांबूस रंगाची, सुमारे १६ किलो वजनाची, नसबंदी व लसीकरण झालेली एक पाळीव कुत्री असून ती सदर मिळकतीत ठेवण्यास मालकांची संमती आहे. कुत्रीमुळे दरवाजे, जाळ्या, फर्निचर किंवा रंग यांचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिल दाखवून अनामत रकमेतून वळता करता येईल. नेहमीच्या वापरातील झीज नुकसान समजली जाणार नाही. शेजाऱ्यांची लेखी तक्रार आल्यास परवानगीधारकांस सुधारणेसाठी ३० दिवसांची मुदत दिली जाईल."

वजन आणि रंग लिहायचे कारण असे की मालकाला नेमका कोणता प्राणी येतोय ते कळते आणि "उद्या तीन आणाल" ही भीती जाते. मालक अजूनही कचरत असेल तर भाडे वाढवून देऊ नका, अनामत एका महिन्याने वाढवा. वाढवलेले भाडे परत येत नाही, अनामत येते. तरीही अडले तर तीन महिन्यांनी घर येऊन पाहण्याची तारीख आत्ताच ठरवून द्या. त्याने बरेच मालक निवळतात.

घर पाहताना एकदा जमिनीवर बसून पाहा. कुत्रीच्या उंचीवरून वेगळेच दिसते. बाल्कनीच्या ग्रिलमधली फट चार इंचांची असेल तर लहान चणीचे कुत्रे डोके घालून अडकते. मांजर असेल तर कबुतरांची नायलॉन जाळी पुरत नाही, ती चावून तोडते, तिथे तारेची जाळीच हवी. मुख्य दाराखाली अर्ध्या इंचाची फट असते, त्यातून जिन्यातल्या प्रत्येक चपलेचा वास आणि सावली आत येते आणि कुत्री दिवसभर भुंकते. दाराखाली लावायची रबराची पट्टी दोन-तीनशेत येते, भुंकणे तिने बरेच कमी होते. दाराच्या आतल्या बाजूला खालून तीन फुटांपर्यंत दोन मिलिमीटरचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पत्रा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा, म्हणजे नखांचे ओरखडे दाराच्या सनमायक्यावर येत नाहीत. अशा दाराला ओरखडे पडले की सनमायक्याचा सबंध पत्रा बदलावा लागतो, आणि अनामतीतून सर्वांत मोठी कपात याचीच होते. गुळगुळीत टाइल्सवर कुत्रीचे पाय घसरतात, तिच्या नेहमीच्या वाटेवर सतरंज्या टाका. स्लॅबखालचे वरचे घर स्वस्त मिळते, पण एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा बंद घरात एकटी राहिलेली कुत्री उष्माघाताने दगावू शकते. तसे घर घ्यायचेच तर कूलर आणि दुपारी येऊन पाहणारे माणूस, दोन्ही हवे.

शहराच्या कडेचे रो-हाऊस घेणाऱ्यांनी बिबट्याची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सिडको-गोविंदनगर भागात बिबटे भर वस्तीत शिरले होते. मळे, ऊस आणि नदीकाठ जवळ असलेल्या भागात, म्हणजे मखमलाबाद, आनंदवली, आडगाव, देवळालीकडे, त्यांचा वावर असतो आणि कुत्रे हे त्यांचे सोपे भक्ष्य. अंगण आहे म्हणून कुत्रीला रात्री बाहेर बांधू नका. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. "कुत्रा बाहेर अंगणात ठेवायचा" अशी अट मालकाने घातली तर त्या भागातले ते घर सोडा.

राहायला गेल्यावर पहिले दहा दिवस निर्णायक. शक्य असेल तर दोघांनी आलटून-पालटून सुटी घ्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटे बाहेर जाऊन परत या, मग पंधरा, मग अर्धा तास, असे वाढवत न्या. जुना फोन घरात रेकॉर्डिंगवर ठेवा, म्हणजे तुमच्या मागे ती किती वेळ रडते हे शेजाऱ्यांनी सांगायच्या आधी तुम्हाला कळेल. पहिल्या दिवसांत घरात लघवी होतेच. फिनेलने पुसाल तर वास लपतो, जात नाही, आणि ती पुन्हा तिथेच बसते. आधी साध्या पाण्याने टिपून घ्या, मग एन्झाइमचे क्लीनर दहा-पंधरा मिनिटे ठेवून पुसा, विशेषतः टाइल्सच्या सांध्यांत. मांजर असलेल्या घरात फिनेल अजिबात नको, ते मांजराला विषारी असते. पावसाळ्यात फिरवून आणल्यावर पाय पुसायला दाराशीच जुना टॉवेल टांगा. जिन्यातले चिखलाचे पंजे ही सोसायटीतली पहिली तक्रार असते.

सामान लावण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: प्रत्येक दाराची खालची बाजू, खिडक्यांच्या जाळ्या, ओट्याखालची कपाटे, फरशीचे तडे. तो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. घर सोडताना महिनाभर आधी लेखी कळवा, गोचीड-पिसवांसाठी फवारणी करून घ्या आणि त्याची पावती किल्लीसोबत द्या. मग तोच व्हिडिओ समोर ठेवून हिशेब करा, आणि तुमच्या कुत्रीसाठी दोन ओळींचे पत्र त्याच बैठकीत मागून घ्या.